सरकार आणि सायकल

आमच्या विद्यार्थिदशेंत सरकार आणि सायकल यांची गांठ पडे ती बहुधा रात्रीं, आणि तीहि चौकांत. सायकलीस दिवा नसला, अथवा मागच्या कॅरियरवर एखादा मित्र बसलेला असला, म्हणजे चौकांतला हवालदार शिट्टी वाजवी, चाकांतील हवा सोडी आणि वर चार शब्द उपदेशाचे ऐकवून आमची बोळवण करी. सायकल चालविणाऱ्यास सरकारनें उत्तेजन द्यावें ही कल्पनाच त्या काळीं कोणास हास्यास्पद वाटली असती. लोक सायकल चालवीत तें दुसरें वाहन परवडत नव्हतें म्हणून. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून मिरवत असे खरें. परंतु रस्ते सपाट, अंतरें लहान आणि खिसे हलके, या तीन गोष्टींनींच तो लौकिक त्यास मिळवून दिला होता.

पुढें खिसे थोडे जड झाले, स्कूटर आली, मागोमाग मोटार आली. आणि रस्त्यांवरून सायकली नाहींशा होऊं लागल्या तेव्हां सरकारला सायकलीची आठवण झाली. २००६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केलें, त्यांत पायीं चालणारे आणि सायकलवाले यांस रस्त्यांत वाजवी वांटा मिळावा असें म्हटलें आहे. पुण्यांत कांहीं रस्त्यांच्या कडेनें सायकलींसाठीं वेगळे पट्टे बांधण्यांत आले. डिसेंबर २०१७ मध्यें महानगरपालिकेनें सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजना निघाल्या. पिवळ्या, नारिंगी सायकली चौकाचौकांत दिसूं लागल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाहि झाल्या. पट्ट्यांपैकीं पुष्कळांवर आज मोटारी उभ्या असतात, कोठें भाजीची गाडी असते, कोठें पट्टा मध्येंच एखाद्या झाडापाशीं येऊन संपतो. ज्यानें एकदां सायकल सोडली त्यानें तिच्याकडे पुनः यावें, एवढीच या साऱ्या खटाटोपाची विनवणी होती. आणि ती त्यानें ऐकली नाहीं.

एवढ्यावरून, लोकांस सायकलीवर बसविणें हें सरकारच्या हातचें कामच नव्हे, असा निष्कर्ष आमचे कांहीं मित्र काढतात. तो आम्हांस मान्य नाहीं. आपल्याच देशांत एका जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेनें फार थोड्या पैशांत आणि सुमारें एका वर्षांत लाखभर माणसें सायकलीवर बसविल्याचा इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाहीं, याचें कारण वाहतुकीच्या कागदपत्रांत त्याची नोंदच नाहीं. ती साक्षरतेच्या कागदपत्रांत आहे.

हा जिल्हा तमिळनाडूंतील पुदुक्कोट्टै. तोंडैमान घराण्याचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें आणि १९७४ मध्यें त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. मुलूख कोरडवाहू, शेती पावसावर आणि तळ्यांवर, बाकी दगडाच्या खाणी. त्या खाणींत बायका दगड फोडीत. १९९० सालीं केरळांतील एर्नाकुळम् जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, आणि तशीच मोहीम देशांतील अनेक जिल्ह्यांनीं हातीं घेतली. पुदुक्कोट्टै येथें ती १९९१ मध्यें सुरू झाली. तिचें नांव अरिवोळी इयक्कम, म्हणजे ज्ञानज्योतीची चळवळ. शिकविणारे स्वयंसेवक, शिकणारीं प्रौढ माणसें. आणि दोन्हीकडे बायकांचा भरणा मोठा.

येथें एक साधी अडचण उभी राहिली. साक्षरतेचे वर्ग भरत ते दिवसाचें काम आटोपल्यावर. शिकविणाऱ्या बाईस एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावयाचें, तर बस दिवसांतून एकदोनदां येणार. पायीं जावें तर रात्र होणार. आणि नवऱ्यानें वा भावानें सायकलीवरून सोडावें तर त्यास सवड पाहिजे. जिल्ह्याच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनीं यावर जो उपाय काढला तो ऐकावयास क्षुल्लक वाटतो. बायकांस सायकल शिकविणें हा त्यांनीं साक्षरतेच्या मोहिमेचाच एक भाग करून टाकला. अक्षरें गिरवावयाचीं तशीच सायकलहि शिकावयाची. प्रत्येक विभागाकडे या कामाची जबाबदारी सोंपविण्यांत आली. बँकांनीं बायकांस सायकलीसाठीं कर्जें द्यावीं म्हणून खटपट झाली. गांवोगांव शिकवणीचीं शिबिरें भरलीं. सायकलीचीं गाणींहि रचलीं गेलीं. मोहिमेंत गाणें नसेल तर ती मोहीम कसली!

पत्रकार पी. साईनाथ त्या काळांत या जिल्ह्यांत हिंडले होते, आणि त्यांनीं जें पाहिलें तें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत नमूद आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणें एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. दहा वर्षांखालील मुली वगळल्या तर जिल्ह्यांतील खेड्यांत राहणाऱ्या स्त्रियांपैकीं चौथाईहून अधिक होतात. त्यांतील सत्तर हजारांवर स्त्रियांनीं जाहीर स्पर्धांत व प्रात्यक्षिकांत आपलें कौशल्य दाखविलें. १९९२ च्या महिलादिनाच्या सुमारास दीड हजारांहून अधिक बायका हँडलला निशाणें लावून, घंटा वाजवीत पुदुक्कोट्टै शहरांत शिरल्या, तेव्हां शहर पाहतच राहिलें. शिबिरांस येतांना बायका ठेवणींतलीं लुगडीं नेसून येत, हा तपशील आम्हांस आंकड्यांहून मोलाचा वाटतो. लग्नकार्यास जावें तसें त्या सायकल शिकावयास गेल्या.

बाजारांत बायकांच्या सायकली संपल्या, तेव्हां बायकांनीं पुरुषी सायकली घेतल्या. त्यांच्या बैठकीपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी नळी लुगडें नेसणाऱ्या बाईस अडचणीची व्हावयाची. परंतु कांहीं जणींनीं तीच पसंत केली, कारण तिच्यावर मूल बसवितां येई! ज्या कारखानदारांनीं बायकांसाठीं ती नळी खालीं वांकविली, त्यांच्या मनांत हा उपयोग कधीं आला असेल असें वाटत नाहीं. पाण्याच्या घागरी, विकावयाचा माल, शाळेंत जाणारीं पोरें, सर्व सायकलीवर चढलें. पूर्वीं माल विकावयास बसची वाट पाहावयाची आणि संध्याकाळच्या घरकामासाठीं धांवत परतावयाचें. आतां एका फेरींत अधिक गांवें होत आणि वेळहि उरे. परंतु साईनाथांशीं बोलतांना बायका या फायद्यांहून अधिक बोलल्या त्या आपल्या स्वतंत्रपणाविषयीं. कोणाची वाट पाहावी लागत नाहीं, ही गोष्ट ज्यास जन्मभर कोणाची वाट पाहावी लागलेली नाहीं त्यास चटकन् उमगणार नाहीं.

टवाळी झाली नाहीं असें नव्हे. आरंभीं पुरुषांनीं घाणेरडे शेरे मारले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत स्त्रिया सायकलीवर बसूं लागल्या तेव्हां त्यांच्या प्रकृतीस कोणते अपाय होतील यावर मोठमोठ्या डॉक्टरांनीं गंभीर चर्चा केली होती. त्या मानानें खेड्यांतले शेरे निदान थोडक्यांत आटोपले. आमच्या मतें सरकारचें खरें काम येथेंच झालें. सरकारनें काय दिलें याचा हिशेब मांडूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. रस्ता दिला नाहीं, पट्टा दिला नाहीं, सायकलहि फुकट वांटली नाहीं. परंतु एकटी पोर सायकलीवरून गेली असती तर गांवानें तिला नांवें ठेविलीं असतीं. तीच कलेक्टरच्या मोहिमेंतून, शेजारणींच्या घोळक्यांतून, गाणीं म्हणत गेली, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं खुशाल घरांत बसून पाहिलें. सरकारचा शब्द आपल्याकडे पुष्कळदां फुकट जातो. त्या जिल्ह्यांत तो कामीं आला.

येथें कोणी हॉलंडचें नांव घेईल, आणि तें घ्यावयासहि पाहिजे. तेथील सपाट भूमीमुळें लोक जन्मतःच सायकलस्वार असतात अशी आपली समजूत असते. वस्तुतः महायुद्धानंतर तेथेंहि मोटारींनीं सायकलींस रस्त्यांवरून हुसकावून लावलें होतें. १९७१ या एका वर्षांत तेथें रस्त्यांवरील अपघातांत सुमारें तीन हजार तीनशें माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. मुलांची ही हत्या थांबवा, अशा नांवाची चळवळ आईबापांनीं उभारली. १९७३ च्या नोव्हेंबरांत तेलटंचाईमुळें रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि रिकाम्या रस्त्यांवर मुलें खेळलीं. सरकारचे प्रयोग आले ते त्यानंतर. हेग व टिल्बर्ग या शहरांत प्रथम एकएक उत्तम मार्ग बांधून पाहिला. पण एकट्या मार्गानें नवे सायकलस्वार फारसे मिळेनात. पुढें डेल्फ्ट गांवांत सबंध मार्गांचें जाळें विणलें तेव्हां फळ दिसलें. हा अनुभव पुण्याच्या पट्टे बांधणारांनीं वाचला असता तर झाडापाशीं संपणारे पट्टे बांधण्याचा खर्च वांचला असता. परंतु आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें हें, कीं तेथेंहि प्रथम कोणाचें तरी मोठें हित पणास लागलें होतें. सरकार मागाहून आलें.

पुदुक्कोट्टैचा धडा पुढें दुसऱ्या रूपानें बिहारांत गिरविला गेला. २००६ सालीं मुख्यमंत्री नितीशकुमार यांच्या सरकारनें नववींत नांव घालणाऱ्या प्रत्येक मुलीस सायकलीसाठीं दोन हजार रुपये देण्यास आरंभ केला. आठवीपर्यंतची शाळा गांवांत असे. नववीची तीन-चार मैलांवर. आणि तेवढ्या अंतरांत हजारों मुलींचें शिक्षण संपत असे. कार्तिक मुरलीधरन् आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं शेजारच्या झारखंडाशीं तुलना करून या योजनेची परीक्षा केली. त्यांच्या २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणें, योग्य वयांत माध्यमिक शाळेंत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढलें, आणि मुलगे व मुली यांच्यांतील अंतर ४० टक्क्यांनीं घटलें. शाळा ज्या गांवांपासून तीन किलोमीटरांहून दूर होती तेथें हा परिणाम मुख्यतः दिसला. म्हणजे जेथें सायकलीची गरज होती तेथेंच तिनें काम केलें. पुढें मुलग्यांनाहि सायकली मिळूं लागल्या. मतांच्या राजकारणांत तें ओघानेंच आलें.

२०११ च्या जनगणनेंत देशांतील शंभर कुटुंबांपैकीं पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल असल्याचें आढळलें. हा आंकडा मोठ्या कौतुकानें सांगितला जातो. परंतु घरांत सायकल आहे म्हणजे घरांतील बाईस ती मिळते असें नव्हे. पुण्यांत आमचें बालपण ज्या वाड्यांत गेलें तेथें ओसरीस टेंकून नऊ-दहा सायकली उभ्या असत. कॉलेजांत जाणाऱ्या मुली सायकलीनें जात. या बाबतींत पुणें पुष्कळ शहरांच्या पुढें होतें, तें नाकारण्याचें कारण नाहीं. पण पोळ्या लाटावयास येणाऱ्या सोवळ्यांतल्या बाई आणि भांडीं घासणारी बाई, दोघीहि पायींच येत, आणि त्या सायकलीवर बसतील असें आमच्यापैकीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं. सायकलींच्या शहराचा अभिमान वाहतांना आम्हीं या दोघींची गणना केली नव्हती.

महाराष्ट्रांतहि मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील, शाळेपासून पांच किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या मुलींना सायकली देण्यांत आल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांतील एका लहान गांवीं आम्हांस चार दिवस राहण्याचा योग आला. तेथें संध्याकाळीं शाळेच्या पटांगणावर एक चाळिशीच्या घरांतली बाई आपल्या मुलीच्या शाळेच्या सायकलीवर बसावयास शिकत होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. मुलगी मागून कॅरियर धरून धांवे, आणि वेग आला कीं गुपचूप सोडून देई. चालविणें तिला आलें होतें; उतरणें अजून येत नव्हतें. म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटीं ती सरळ बांधकामाच्या वाळूच्या ढिगाकडे सायकल नेई, आणि चाक वाळूंत रुतलें म्हणजे पाय टेंकी. आम्ही पाहत असतां तिनें असे पांच वेळां केलें, आणि सहाव्या फेरीस निघाली.