पिंपळ काढायचा कोणी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे एक जुना घुमट आहे. निजामशाहीच्या काळातला असावा, असं जाणती माणसं म्हणतात. आत कोणाची कबर आहे, हे कोणालाच माहीत नाही. संरक्षित वास्तूंच्या यादीत तो नाही, त्यामुळे त्याची काळजी घ्यायला कोणी बांधीलही नाही. काही वर्षांपूर्वी कॉलेजची आठ-दहा मुलं माझ्याकडे आली. ‘चाचा, दर रविवारी जाऊन घुमट साफ करू. तुम्ही फक्त पुढं व्हा.’ कवीला पुढं व्हा म्हटलं की तो होतोच. भिंतीतलं मला काही कळतं का, हे ना त्यांनी विचारलं, ना मी स्वतःला.

गवत काढलं, घाणेरी काढली, वटवाघळांची घाण काढली. अडलं ते पिंपळापाशी. ईशान्येच्या कोपऱ्यात दोन दगडांच्या सांध्यातून मनगटाएवढं झाड वर आलं होतं. बरोबरच्या गवंड्यानं कोयता खाली ठेवला. ‘चाचा, पिंपळावर मी हात टाकणार नाही. तुमच्यातल्या कोणाला तरी सांगा. तुम्हाला चालतं.’ हे ‘तुम्हाला चालतं’ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यात राग धरण्यासारखं काही नसतं. पण ते ऐकू येतंच. मग आमच्यातला एक मजूर बोलावला. त्यानं झाडाकडे वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘चाचा, वर मुंजा असला तर?’ मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या ब्राह्मणाच्या पोराचं भूत आमच्या शेखांच्या पोरालाही धरू शकतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. राष्ट्रीय एकात्मतेवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. इतका पक्का पुरावा एकातही नव्हता. शेवटी कोयता मीच उचलला.

पावसाळा सरता सरता एकाच्या जागी चार फुटवे आले. ते तोडले, तर पुढच्या वर्षी आणखी आले. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून खोडावर औषध ओतलं. झाड मेलं. मुलांनी पेढे वाटले. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात घुमटाचा तो कोपरा बसला. भिंतीच्या आत गेलेली मुळं कुजून गेली, त्यांच्या जागी पोकळी राहिली, तिच्यात पाणी शिरलं आणि चारशे वर्षं उभे असलेले दगड एका रात्रीत ओढ्याकडे घसरले. इतकी वर्षं जे झाड भिंत फोडत होतं, तेच तिला धरूनही होतं, हे आम्हाला उशिरा कळलं. पुढारी मी होतो, तेव्हा चूकही माझीच.

तेव्हापासून झाड आणि भिंत या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आलो. वाचता वाचता कंबोडियात जाऊन पोचलो. मी तिथं गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण अंगकोरच्या ता प्रोम या देवालयाची चित्रं तुम्ही पाहिलीच असतील. २००१ साली एका हॉलिवूडपटानंही ती जगभर नेली. छपरावर उभी असलेली प्रचंड झाडं आणि ओघळत्या मेणासारखी भिंतीवरून खाली उतरणारी त्यांची मुळं. यातली काही झाडं आपल्या वड-पिंपळाच्या गोतातली आहेत. बाकीची बहुतेक मोठी झाडं टेट्रामेलिस या जातीची. स्थानिक लोक तिला स्पुंग म्हणतात. पानं झडल्यावर फुलणारं हे झाड आपल्या सह्याद्रीतही आढळतं.

ता प्रोम सातव्या जयवर्मन राजानं बांधलं. तिथला शिलालेख ११८६ सालचा, संस्कृतातला. राजानं आपल्या आईच्या रूपात प्रज्ञापारमितेची मूर्ती इथं स्थापन केली. शिलालेखात हिशेब मोठा चोख आहे: देवालयाच्या सेवेला ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं, आवारात राहण्याचा हक्क १२,६४० जणांना, नर्तकी ६१५. हे आकडे वाचताना देवालयाच्या वैभवाचं कौतुक वाटतं. मला मात्र दुसरंच सुचलं. एवढी माणसं रोज जिथं वावरत होती, तिथं छपरावर पक्ष्यानं टाकलेलं बी रुजणार कसं? कोणीतरी ते बोटभर असतानाच उपटून टाकत असणार. राज्य गेलं, गावं तुटली, हात गेले आणि मग झाडं आली. शेजारचं अंगकोर वाट जंगलानं इतकं गिळलं नाही, कारण एक तर त्याच्याभोवती रुंद खंदक होता आणि दुसरं म्हणजे तिथं बौद्ध भिक्षू कायम राहत आले. त्यांच्या हातातल्या झाडूचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकात नसतो.

१९०७ साली सयामकडून हा प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यातील कंबोडियाकडे आला. दुसऱ्याच वर्षी अंगकोरच्या जतनासाठी कचेरी निघाली आणि झां कोमाय हा पहिला संरक्षक झाला. हा गृहस्थ मूळचा सैन्यातला, हौशी चित्रकार. अंगकोर वाटच्या रस्त्याशेजारी गवताच्या झोपडीत तो राहायचा. स्थानिक मजुरांच्या टोळ्या घेऊन त्यानं अंगकोर वाट आणि बायोन इथली झाडी आणि माती उपसली. १९१६ च्या एप्रिलमध्ये मजुरांचा पगार घेऊन जात असताना दरोडेखोरांनी त्याला ठार मारलं. बायोनजवळ त्याची कबर आहे. त्याच्या टोळीतल्या माणसांना तो पगार पुढे कधी आणि कसा मिळाला, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. माझ्यासारख्याला तोच प्रश्न आधी पडतो.

कोमायनंतर आंरी मार्शाल आला. बाकी ठिकाणी जंगल हटवत असताना फ्रेंचांनी ता प्रोम मात्र बऱ्याच अंशी सापडलं तसं ठेवायचं ठरवलं. पहिल्या प्रवाशांना अंगकोर कसं दिसलं असेल, याचा एक नमुना राहावा म्हणून. पण ‘तसंच ठेवलं’ म्हणणं फसवं आहे. वाटा मोकळ्या कराव्या लागतात, खालची झुडपं दरवर्षी काढावी लागतात, पडू पाहणाऱ्या भिंतीला टेकू द्यावा लागतो. रानटी दिसण्यासाठीही माणसं कामाला लागतात. मार्शालनं उरलेलं आयुष्य बहुतांशी अंगकोरपाशीच घालवलं आणि १९७० साली तो सिएम रीपमध्येच वारला.

त्याच सुमारास युद्ध अंगकोरपर्यंत आलं. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत या कामात मुरलेली कितीतरी माणसं गेली. बाफुओन नावाचं देवालय दुरुस्तीसाठी उतरवून ठेवलेलं होतं. सुमारे तीन लाख दगड जंगलात मांडलेले. कोणता दगड कुठला, याची कागदपत्रं त्या धुमाळीत नष्ट झाली. १९९५ मध्ये पुन्हा सुरुवात करून ते कोडं सुटायला २०११ उजाडलं.

इथं आपला संबंध येतो. १९८६ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक अंगकोर वाटला गेलं. यादवी चालू होती, परिसरात सुरुंग पेरलेले होते आणि तिथल्या सरकारला मान्यता देणारे देश फार थोडे होते. आपल्या लोकांनी शेकडो स्थानिक मजूर लावून सांध्यांतली झाडं काढली, पडझड सावरली आणि शेवाळ, दगडफूल घालवण्यासाठी रसायनं वापरून दगड घासले. हे काम १९९३ पर्यंत चाललं. त्यावर पाश्चात्त्य तज्ज्ञांनी कडक टीका केली: दगडाचा पृष्ठभाग उघडा पडला, रंग बदलला. टीकेत तथ्य होतं, असं माझं मत आहे. आणि बाकीचे येत नव्हते तेव्हा हे लोक गेले, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वहीत लिहावं लागतं.

पुढं २००३ च्या सुमारास ता प्रोमचं काम भारताकडे आलं, कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणासोबत. या वेळी पद्धत बदलली होती. हात लावण्याआधी दगडांबरोबर पाण्याचा आणि झाडांचाही अभ्यास झाला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेची माणसं सोबत घेतली. ख्मेर बांधणीत दगडांच्या मध्ये चुना नसतो, दगडावर दगड नुसता बसवलेला. त्यामुळे मूळ कुठं भिंतीला ढकलतंय आणि कुठं आवळून धरतंय, हे एकेका झाडापाशी उभं राहून ठरवावं लागतं. फांद्यांचा भार कमी करायचा, कुजलेला भाग तपासायचा, मुळांना आधार द्यायचा, लोकांचे पाय मुळांवर पडू नयेत म्हणून लाकडी वाटा करायच्या. झाड वादळात पडलं तर भिंत घेऊनच पडतं, म्हणून त्याच्या तब्येतीवर नजर ठेवायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या नर्तकी-मंडपाचं दुरुस्तीनंतर उद्घाटन भारताच्या उपराष्ट्रपतींच्या हस्ते झालं. कामाला जवळजवळ दोन दशकं लागली होती. आम्ही आमचा पिंपळ एका सकाळीत तोडला होता.

घुमटाच्या नैऋत्य कोपऱ्यात आता एक उंबर आहे. मुलांनी त्याच्यासाठी वही केली आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा खोडाचा घेर दोरीनं मोजायचा, सांध्यातली फट किती रुंदावली ते पट्टीनं पाहायचं, तारीख घालून लिहायचं. बोटभर असलेली रोपं तेवढी हातानं उपटायची. शहरातून जुन्या बांधकामातला एक जाणकार येऊन पाहून गेला. खालून भिंतीला टेकू दिल्याशिवाय उंबराला हात लावू नका, म्हणाला. टेकूसाठी वर्गणी चालू आहे. गवंडी तोच आहे. मोजणीच्या दिवशी दोरीचं दुसरं टोक तो धरतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो. मागच्या खेपेला घेर दोन बोटं वाढला होता.