निर्णय आणि त्याचा पाठ : निर्णयसंग्रहांचा इतिहास व विधीच्या अभ्यासकाची शोधपद्धती

एखादा न्यायनिर्णय पाहावयाचा झाल्यास विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यास आज ग्रंथालयाच्या कपाटांपुढे तासन् तास उभे राहावे लागत नाही. संगणकावर पक्षकारांची नावे लिहिली की क्षणार्धात निर्णय समोर येतो. ही सोय पूर्वीच्या पिढ्यांच्या कल्पनेपलीकडची होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि शोधाचे श्रम कमी झाले म्हणून पारखण्याचे श्रमही कमी झाले, असा समज विद्यार्थिवर्गात रूढ होऊ लागला आहे. तो बरोबर नाही. समोर आलेला पाठ कोणी तयार केला, कोणत्या अधिकाराने तयार केला, आणि निर्णयानंतर त्या प्रकरणाचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न छापील खंडांच्या काळी जितके महत्त्वाचे होते तितकेच आजही आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई इलाख्यातील निर्णयसंग्रहांच्या इतिहासाच्या आधारे हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबई इलाख्यात निर्णय छापून काढण्याची निकड प्रथम भासली ती रूढीच्या प्रश्नामुळे. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ साली जे रेग्युलेशन झाले, त्यांपैकी चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात न्यायाधीशाने कोणता कायदा लावावा याचा क्रम सांगितला होता. प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारची रेग्युलेशने. त्यांच्या अभावी ज्या प्रदेशात दावा उद्भवला तेथील रूढी. तीही नसल्यास प्रतिवादीचा कायदा. आणि हे काहीच नसेल तर न्याय, समदृष्टी व सदसद्विवेक. ज्या व्यवस्थेत रूढीला असे मानाचे स्थान मिळाले, तेथे रूढीचा पुरावा कोठे शोधावयाचा हा प्रश्न ओघानेच आला. हॅरी बोरोडेल याने १८०० ते १८२४ या काळातील सदर अदालतीचे दिवाणी निवाडे १८२५ साली प्रसिद्ध केले होतेच. आर्थर स्टील याचा दख्खनमधील जातींच्या रूढींवरील ग्रंथ १८२७ मध्येच निघाला. पुढे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्या न्यायालयातील निवडक प्रकरणे १८५३ मध्ये ग्रंथरूपाने छापली.

या ग्रंथांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे. हे सर्व व्यक्तींनी केलेले उद्योग होते. कोणता निवाडा घ्यावा आणि कोणता गाळावा हे संग्राहकाने ठरविले. पेरी यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच पौर्वात्य जीवनाचे दर्शन घडविणारी प्रकरणे असा त्याचा उद्देश सांगितलेला आहे. अर्थात संग्राहकाच्या दृष्टीने जे प्रकरण वैशिष्ट्यपूर्ण ठरले नाही, त्यास तेथे स्थान मिळण्याचा संभव कमी होता. ज्यास त्या काळातील दिवाणी जीवनाचे चित्र रेखाटावयाचे आहे, त्याने या निवडीचा हिशेब धरल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

१८६२ साली मुंबईत हायकोर्टाची स्थापना झाली आणि त्याबरोबर ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’ या मालिकेचा आरंभ झाला. तिचे बारा खंड निघाले. परंतु देशात निरनिराळ्या खाजगी मालिका चालू होत्या, आणि कोणत्या वृत्तान्तावर विसंबावे याविषयी एकवाक्यता नव्हती. या अव्यवस्थेवर उपाय म्हणून १८७५ चा १८ वा कायदा, म्हणजे ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स ॲक्ट’, संमत झाला. सरकारच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताखेरीज हायकोर्टाच्या निर्णयाचा अन्य कोणताही वृत्तान्त ऐकून घेण्यास अथवा बंधनकारक मानण्यास कोणतेही न्यायालय बांधलेले नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमाने ठरविले. १८७६ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई व अलाहाबाद अशा चार शाखांत अधिकृत मालिका निघू लागली. खंडाचा क्रमांक, हायकोर्टाचे नाव आणि पृष्ठ या तीन अंगांनी सिद्ध होणारा संदर्भांक तेव्हापासून वकिलांच्या व न्यायाधीशांच्या अंगवळणी पडला.

कायद्याचे हे शब्द बारकाईने पाहिले पाहिजेत. अन्य वृत्तान्त ऐकण्यास न्यायालय ‘बांधलेले नाही’ एवढेच कायदा म्हणतो. ऐकू नये असे म्हणत नाही. या फटीतून खाजगी मालिकांना वाट मिळाली. १८९९ साली रतनलाल व धीरजलाल यांच्या ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चा प्रारंभ झाला. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ची मालिका १९१४ या वर्षापासून मोजली जाते, देशातील सर्व प्रमुख न्यायालयांचे निर्णय एकत्र देण्याची तिची पद्धती वकिलांना सोयीची वाटली. स्वातंत्र्योत्तर काळात सर्वोच्च न्यायालयाची अधिकृत मालिका १९५० पासून निघू लागली, तर लखनौच्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या मालिकेचा जन्म १९६९ चा. परिणामी एकाच निर्णयाला अनेक पत्ते प्राप्त झाले. २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती खटल्याचा निर्णय नागपूरच्या मालिकेत त्या वर्षीच्या सर्वोच्च न्यायालय विभागात पृष्ठ १४६१ वर, लखनौच्या मालिकेत त्या वर्षीच्या चौथ्या खंडात पृष्ठ २२५ वर, आणि अधिकृत मालिकेच्या पुरवणी खंडात पहिल्या पृष्ठावर सापडतो. निर्णय एकच, परंतु त्याचे सार सांगणारी शीर्षटीप प्रत्येक ठिकाणी निराळ्या संपादकाच्या हातची आहे. शीर्षटीप ही न्यायाधीशाची वाणी नव्हे, हा धडा पहिल्या वर्षीच शिकविला जातो, आणि पुष्कळदा पहिल्या वर्षीच विसरला जातो.

केवळ एका पृष्ठावर विसंबण्यात किती धोका आहे, हे रखमाबाईंच्या खटल्यावरून स्पष्ट होते. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. पतिपत्नी कधी एकत्र राहिलेलीच नसताना तुटलेला सहवास पुन्हा जोडून देण्याचा प्रश्नच येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. हा निर्णय अधिकृत मालिकेच्या मुंबई शाखेच्या नवव्या खंडात पृष्ठ ५२९ वर छापलेला आहे. त्याच शाखेच्या दहाव्या खंडात पृष्ठ ३०१ वर मात्र १८८६ चा अपिलाचा निर्णय आहे. तेथे मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निर्णय उलटविला व प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठविले. त्यानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम दिला. आपण कारावास पत्करू, पण नांदावयास जाणार नाही, ही रखमाबाईंची भूमिका सर्वश्रुत आहे. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेतले.

जो विद्यार्थी नवव्या खंडावर थांबेल, तो हायकोर्टाने स्त्रीच्या संमतीला मान दिला असे लिहील. जो दहाव्यापर्यंत जाईल, त्यास कायद्याची तत्कालीन स्थिती कळेल. परंतु एका स्त्रीवर कारावासाची पाळी कशी आली व ती कशी टळली, हे त्यासही या दोन पृष्ठांतून कळणार नाही. त्यासाठी ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतील वाद, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंतची चर्चा पाहणे भाग आहे. विधीचा इतिहास निर्णयसंग्रहात सुरू होतो, पण तेथे संपत नाही.

संगणकावरील साधने या इतिहासाच्या पुढच्या टप्प्यावर येतात. निर्णयाचा पाठ मुळात कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात हाताळला. न्यायालयाचा निर्णय पुनर्मुद्रित करण्यास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानेच मुभा दिली आहे. केवळ श्रम व पैसा खर्च केला एवढ्यावरून प्रकाशकास त्या पाठावर हक्क मिळत नाही. शीर्षटिपा आणि संपादकाने स्वतःच्या विचाराने केलेली परिच्छेदांची विभागणी यांसारख्या गोष्टींना मात्र संरक्षण आहे, असा त्या निर्णयाचा आशय. निर्णय लोकांचा व टीप संपादकाची, ही सीमारेषा अशा रीतीने स्पष्ट झाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडियन कानून’सारख्या विनामूल्य साधनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली अधिकृत मालिका ‘ई-एससीआर’ या नावाने सर्वांस विनामूल्य खुली केली, आणि त्याच वर्षी वर्ष, न्यायालयाची अक्षरे व अनुक्रमांक यांनी बनलेला तटस्थ संदर्भांक देण्यास प्रारंभ झाला. निर्णयाचा पत्ता प्रथमच प्रकाशकाच्या पृष्ठावर अवलंबून राहिला नाही. खर्चिक मालिका घेणे ज्या ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांस याचे मोल विशेष आहे. निवडक निर्णयांची मराठीसह अनेक भाषांतील भाषांतरेही तेथे उपलब्ध होऊ लागली. परंतु ती समजण्यापुरती घ्यावीत, आधार म्हणून मूळ इंग्रजी पाठच द्यावा.

आता पद्धतीविषयी. शोधाच्या यादीत जो निर्णय वर येतो तो नंतरचा किंवा वरिष्ठ न्यायालयाचा असतोच असे नाही. म्हणून प्रथम न्यायालय व तारीख पाहावी. नंतर त्या निर्णयावर अपील झाले काय, आणि पुढील निर्णयांत त्याचा स्वीकार झाला की अव्हेर, हे तपासावे. १९४९ पूर्वीच्या प्रकरणांत हा शोध लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी मूर यांचे १८३६ ते १८७२ या काळातील चौदा खंड व त्यापुढील ‘इंडियन अपील्स’ची मालिका आहे. जुने खंड संगणकावर छायारूपाने मिळतात, पण त्यांतील नावांचे रोमन लेखन अस्थिर आहे. रखमाबाईंचे नाव कोठे ‘यू’ने, कोठे ‘ए’ने, तर कोठे मधला ‘एच’ गाळून लिहिलेले आढळते. यंत्राने अक्षरे ओळखताना होणाऱ्या चुका त्यात आणखी भर घालतात. एका रूपाने शोध निष्फळ झाला म्हणून प्रकरण नाही असे ठरवू नये. दुसरे रूप, पक्षकाराचे दुसरे नाव, अथवा खंड व पृष्ठ यांच्या आधारे पुन्हा शोधावे. अधिनियमांच्या बाबतीत ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावरील पाठ घ्यावा व तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे नोंदवावे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीच्या निर्णयांतील कलमांचे क्रमांक नव्या संहितेशी जुळत नाहीत. यास्तव जुन्या व नव्या अशा दोन्ही क्रमांकांनी शोध घेणे इष्ट.

शेवटी, संदर्भांक हा स्वतः पुरावा नव्हे. २०२३ साली न्यूयॉर्क येथील फेडरल न्यायालयात ‘माटा विरुद्ध एव्हिअँका’ या प्रकरणी वकिलांनी संभाषण करणाऱ्या यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निर्णय सादर केले, आणि न्यायालयाने त्यांस पाच हजार डॉलर्सचा दंड केला. त्या संदर्भांकांची घडण निर्दोष दिसत होती. त्या पत्त्यावर निर्णय मात्र नव्हता. १८७५ च्या विधिकर्त्यांपुढे कोणता वृत्तान्त प्रमाण मानावा हा प्रश्न होता. आजच्या विद्यार्थ्यापुढे वृत्तान्त मुळात आहे काय हाही प्रश्न आहे. ज्याच्या आधारे कोणाची मालमत्ता, कोणाचे स्वातंत्र्य ठरावयाचे, तो निर्णय स्वतः उघडून, आरंभापासून अखेरपर्यंत वाचल्याखेरीज उद्धृत करू नये. साधने बदलली तरी हा नियम बदललेला नाही, आणि विधिविभागाच्या प्रबंधांनी तो कसोशीने पाळावा, एवढीच अपेक्षा आहे.