राखीव जागा

‘राखणे’ या क्रियापदापासून आलेला ‘राखीव’ हा शब्द मराठीत कुरणासाठी वापरतात तसाच विधिमंडळातील जागेसाठीही वापरतात. मात्र भारतातील स्त्रियांसाठी अशी जागा प्रथम राखली गेली ती प्रमुख महिला संघटनांनी नको म्हटले असताना. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ मध्ये, सरोजिनी नायडू आणि बेगम शाहनवाज यांनी या संघटनांच्या वतीने प्रौढ मताधिकार मागितला आणि राखीव जागा नाकारल्या. तरीही १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांत स्त्रियांना ४१ जागा दिल्या आणि त्याही धर्मवार वाटून दिल्या. स्त्री म्हणून एकत्र आलेल्यांना जमातींत विभागणारी ही देणगी त्यांना खुपली, यात नवल नाही. मुंबई प्रांतातून संविधान सभेवर गेलेल्या हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये हाच नकार पुन्हा नोंदवला.

या कुळकथेतील खरे वळण १९७४ चे आहे. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या, फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या बहुमताने विधिमंडळांतील आरक्षण पुन्हा अमान्य केले. परंतु लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी भिन्नमतपत्रिका, म्हणजे बहुमताशी न जुळणारे आपले मत अहवालाला जोडून, राजकीय पक्ष स्त्रियांना उमेदवारीच देत नसतील तर संविधानातील समता कागदावरच राहते, हे स्पष्टपणे मांडले. आधीच्या पिढीचा नकार स्वाभिमानातून आला होता, तर या दोघींचा होकार स्वातंत्र्यानंतरच्या पाव शतकाच्या अनुभवातून आला होता, आणि म्हणूनच तो अधिक वजनदार ठरतो.

पुढची वाट गावातून गेली. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत ३० टक्के जागा राखल्या, आणि ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभरातील पंचायती व नगरपालिकांत किमान एकतृतीयांश जागा बंधनकारक झाल्या. संसदेत मात्र १९९६ चे विधेयक अडले, ते मुख्यतः मागासवर्गीय स्त्रियांसाठी आतला वाटा हवा या मागणीवर. १९३५ च्या वाटणीने उभा केलेला, कोणती स्त्री कोणाची प्रतिनिधी, हा प्रश्न येथे उलट बाजूने परत आला. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्लीची विधानसभा यांतील एकतृतीयांश जागा १५ वर्षांसाठी स्त्रियांना दिल्या, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतील तेवढाच वाटा धरला, इतर मागासवर्गीयांचा धरला नाही, आणि अंमलबजावणी जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधली.