पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट : एका अभिनेत्रीचें उतारवय

नटीचें आयुष्य तिच्या तारुण्याएवढेंच असतें, अशी समजूत रंगभूमीवर, आणि त्याहूनहि अधिक चित्रपटसृष्टींत, रूढ आहे. वयाचीं शहात्तर वर्षें उलटल्यावर एका इंग्लिश अभिनेत्रीनें या समजुतीला जें उत्तर दिलें, त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांचा जन्म लंडननजीक क्रॉयडन येथें २२ डिसेंबर १९०७ रोजीं झाला. वडील पहिल्या महायुद्धांत कामीं आले. १९२६ सालीं बर्मिंगहॅम येथें त्यांनीं रंगभूमीवर पहिलें पाऊल टाकलें. १९३० सालीं ‘ऑथेल्लो’ नाटकांत त्या डेस्डिमोना झाल्या. नायकाची भूमिका पॉल रोबसन या कृष्णवर्णी अमेरिकन कलावंताकडे होती. ही जोडी अनेक गोऱ्या प्रेक्षकांना रुचली नाहीं आणि बाईंना निंदेचीं पत्रें आलीं. वर्णद्वेष म्हणजे काय, हें त्या वयाच्या तेविसाव्या वर्षींच शिकल्या.

१९३५ सालीं हिचकॉक यांच्या ‘थर्टी-नाइन स्टेप्स’ या बोलपटांत त्यांनीं एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या बायकोचें लहानसें काम केलें. पोलीस मागावर असलेल्या परक्या तरुणाला ती नवऱ्याचा कोट देऊन पळवून लावते. काम अवघ्या कांहीं मिनिटांचें, परंतु त्या स्त्रीच्या डोळ्यांतील कोंडमारा प्रेक्षक विसरत नाहीं. तथापि त्यांचें खरें घर रंगभूमीच राहिलें. १९५६ सालीं ‘डेम’ हा किताब मिळाला, तोहि रंगभूमीच्या सेवेबद्दलच. १९६३ सालीं शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांतील राणी मार्गारेट त्यांनीं ऐन तारुण्यापासून जख्ख म्हातारपणापर्यंत उभी केली. पुढें १९६५ सालीं बी. बी. सी.नें ती दूरचित्रवाणीवर घरोघर पोंचविली.

आणि मग आलें १९८४ साल. त्या एका वर्षांत दोन वृद्ध इंग्रज स्त्रिया त्यांनीं रंगविल्या, आणि दोघींच्याहि कथा हिंदुस्थानांतल्या. डेव्हिड लीन यांच्या ‘ए पॅसेज टु इंडिया’मधील मिसेस मूर मशिदींत पादत्राणें काढून शिरतात व डॉक्टर अझीझला मित्र मानतात. त्याच्यावर आळ येतो तेव्हां तो निर्दोष असल्याची त्यांना खात्री असते. परंतु खटल्यापूर्वींच त्या बोटीनें निघतात आणि समुद्रावरच मृत्यु पावतात. ‘द ज्युएल इन द क्राउन’ या ग्रॅनडाच्या दूरचित्रवाणी मालिकेंतील बार्बी बॅचलर ही मिशनच्या शाळेंतील निवृत्त शिक्षिका. मैत्रिणीच्या मृत्यूनंतर तिला कोणाचाच आसरा उरत नाहीं. जन्मभर शिकविलें, त्यांतून नेमकें काय उरलें, हा प्रश्न तिला जाळतो. मीं स्वतः सारें आयुष्य शाळामास्तरकींत काढलें. हा प्रश्न सेवानिवृत्तीनंतर कोणत्या वेळीं व कसा येऊन उभा राहतो, हें मला ठाऊक आहे. बाईंनीं तो एकहि ठळक हातवारा न करतां दाखविला.

१९८५ सालीं मिसेस मूरच्या भूमिकेबद्दल त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. ब्रिटिश अकादमीनें तर दोन्ही भूमिकांचा गौरव केला. १४ जून १९९१ रोजीं त्या निवर्तल्या.

रूपाच्या जोरावर मिळालेलें यश रूपाबरोबर ओसरतें. साठ वर्षांच्या अभ्यासानें मिळविलेलें मात्र सुरकुत्यांतूनहि बोलतें. उतारवयाला ‘उरलेलें’ वय म्हणण्याची आपणांस संवय आहे. ती सोडावी, एवढेंच या चरित्रांतून घ्यावयाचें.