हॅबेनेरिया
हॅबेनेरिया : (कुल-ऑर्किडेसी). जमिनीवर वाढणाऱ्या, कंदयुक्त आमरांची एक मोठी प्रजाती. तिच्यातील जाती मुख्यतः फुलाच्या ओठावरून (वेगळ्या घडणीच्या पाकळीवरून) ओळखतात.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्डेनो यांनी १८०५ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत तिच्या सु. ८०० जाती आहेत. सह्याद्रीत, विशेषतः कासच्या पठारावर, काही जाती पावसाळ्यात शेजारी-शेजारी फुलतात [→ कास पठार].

हॅ. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस हिची एक-दोन रुंद पाने जमिनीला चिकटलेली असतात, तर हॅ. हेनियाना हिची फुले दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने येतात. या दोन्ही पाहताक्षणी वेगळ्या कळतात. हॅ. लाँगिकॉर्निक्युलाटा व हॅ. प्लँटॅजिनिया यांत मात्र गफलत होते : दोन्हींची फुले पांढरी, ओठाचे बाजूचे खंड रुंद. येथे शुंडिका (ओठाच्या बुडाची मकरंदनळी) मोजावी लागते. पहिलीत ती बहुधा १० सेंमी.हून लांब, दुसरीत बरीच आखूड असते. झाडाची उंची व फुलांची संख्या माती-पावसानुसार बदलते, म्हणून ती लक्षणे दुय्यम होत. दाबून वाळविलेल्या नमुन्यात ओठाचा आकार हरवतो. त्यामुळे फुले द्रवात जतन करणे आवश्यक ठरते [→ वनस्पतिसंग्रह].

पांढरी, लांब शुंडिकेची फुले पतंगांकडून होणाऱ्या परागणाशी निगडित असल्याने शुंडिकेची लांबी वर्गीकरणाइतकीच परिस्थितिविज्ञानातही महत्त्वाची आहे [→ परागण]. डीएनए-अभ्यासांनुसार या प्रजातीतील सर्व जाती एकाच पूर्वजापासून आलेल्या नाहीत. परिणामी तिच्या सीमांची फेरमांडणी चालू आहे. [→ आमर, ऑर्किडेसी].