बोरघाट चढून आलेले मीठ

मावळात भात पिकतो, मीठ पिकत नाही. पेण, पनवेल, उरणच्या मिठागरांत आगरी कुटुंबे ते पिकवीत आणि वंजाऱ्यांचे बैल बोरघाटाने वर आणीत. उतरताना पाठीवर धान्य. सोमाटण्याजवळच्या आमच्या परंदवडीसारख्या गावांचे मीठ याच वाटेने आले.

आहारातील खनिजे म्हटले की लोह, कॅल्शियम, जस्त यांची चर्चा होते. कॅल्शियमसाठी मावळकऱ्याला दूर जावे लागत नसे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. (आता नाचणी 'सुपरफूड' झाली, तेव्हा ती गरिबाची भाकरी होती.) मिठाचे तसे नाही. ते विकतच घ्यावे लागे, म्हणून सत्तेचा हात सर्वांत आधी मिठावर पडला.

शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडच्या मिठाचा धंदा बुडू नये म्हणून त्यावर जबर जकात घ्या, असा त्याचा आशय. इथे जकात आपले मीठ राखण्यासाठी होती. इंग्रजांचा कर तिजोरीसाठी होता. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये झाला, पुढे उतरला आणि १९२३ मध्ये एकदम दुप्पट झाला. १९३० साली वडाळा आणि शिरोडा इथे सत्याग्रही मिठागरांत उतरले. कर गेला तो १९४७ मध्ये.

त्यानंतर सरकार पुन्हा मिठाकडे वळले, ते औषध पोचवण्यासाठी. आयोडीन कमी पडले की गलगंड होतो. पण गळ्यावरची गाठ निदान दिसते. गरोदरपणात आयोडीन कमी पडल्याने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, ती दिसत नाही. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागाला साधे मीठ देऊन पाहिले. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने घटला. या कामात एम. जी. करमरकर हे एक संशोधक होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

आपल्याकडे यावर एक हुकमी आक्षेप ऐकू येतो: "आमचे समुद्राचे मीठ, त्यात आयोडीन असतेच." हिशेब करून पाहावा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन सुमारे ६० मायक्रोग्रॅम आणि मीठ सुमारे ३५ ग्रॅम. ते सगळे आयोडीन मिठात उतरले असे धरले, प्रत्यक्षात तेवढे उतरत नाही, तरी दहा ग्रॅम मिठात १७ मायक्रोग्रॅम मिळेल. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० आहे. शिवाय डोंगराळ, अतिपावसाच्या मुलखात मातीतले आयोडीन वाहून जाते, म्हणून तिथले धान्यही भरवशाचे नाही. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावे असा नियम आहे. दहा ग्रॅमला बरोबर दीडशे.

दुसरा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. सक्तीने फायदा झाला तो यंत्रे असलेल्या मोठ्या कारखानदारांचा. आगऱ्यांच्या खड्या मिठाला ते जमले नाही. सरकारचेही धोरण एकसारखे नव्हते. साध्या मिठावरची बंदी केंद्राने २००० साली उठवली, २००६ मध्ये पुन्हा लादली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायद्यात असा नियम करण्याचा अधिकारच नाही म्हणून तो अवैध ठरवला, पण लोकांच्या आरोग्यासाठी सहा महिने चालू ठेवला. पुढे नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी टिकली. खड्या मिठात आयोडीन मिसळण्याची साधने मिठागरांच्या दारापर्यंत नेली असती, तर रोग आणि रोजगार यांतला एक निवडावा लागला नसता.

बंदी आहे ती माणसाच्या थेट खाण्यासाठीच्या मिठावर. जनावरांसाठी किंवा पदार्थ टिकवण्यासाठी साधे मीठ विकता येते, आणि गोणीतून ते कोणत्या चुलीपर्यंत जाते हे गोणीवर लिहिलेले नसते. काही जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांकडे मीठ तपासण्याचा छोटा संच असतो. चिमूटभर मिठावर थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर ते निळे-जांभळे होते, नसेल तर पांढरेच राहते.