माळावरची खोप आणि चार कलमांचा कायदा

घरात उंदीर मरून पडायला लागले की कुलूप लावायचं आणि माळावर जाऊन राहायचं. प्लेगचं हे शहाणपण कोल्हापूर भागातल्या घराघरांत पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जायचं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पूर्वी बैलगाडीने रखडत आली असती ती साथ आता तिकीट काढून येणार होती.

सरकारनेही घाई केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. जेमतेम एका पानाचा, चार कलमांचा. साथ आटोक्यात आणायला सरकारने हवे ते नियम करावेत. ते मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा नाही. आजाऱ्याला औषध, अन्न, निवारा कोण देणार, याबद्दल अक्षर नाही.

पुण्यात या कायद्याचं काय झालं ते सर्वश्रुत आहे. रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने घरं तपासायला गोरे सोल्जर पाठवले. ते माजघरात, देवघरात शिरले, बायाबापड्यांची तपासणी झाली. लोक रोगाइतकेच झडतीला घाबरू लागले आणि आजारी माणूस लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या.

कोल्हापूर हे संस्थान. ब्रिटिश मुलखातला कायदा इथे आपोआप लागू होत नव्हता. शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार येऊन तीनच वर्षं झाली होती, वय पुरतं पंचविशीचंही नाही, आणि दुष्काळाचे चटके ताजे. (शाहूंचं नाव आलं की कोल्हापुरी लेखणीला भरतं येतं, ते जरा आवरूनच पुढे जायला हवं.) दरबारचा भर राहिला तो शहर रिकामं करून लोकांना बाहेर मोकळ्या रानात नेण्यावर. प्लेगच्या कामाची धुरा भास्करराव जाधवांकडे होती. पुढे सत्यशोधक चळवळीचे नेते आणि मुंबई इलाख्याचे मंत्री झाले, तेच हे.

रानातली झोपडी इथल्या माणसाला नवी नव्हती. चार मेढी, कुडाच्या भिंती, वर उसाचं पाचट: उसाच्या मळ्यात अशी खोप दिवसाभरात उभी राहते. पण हातावर पोट असलेल्याला मेढी-बांबूही विकतच घ्यावे लागतात. ‘घर सोड’ म्हणणं सोपं. सोडून जायचं कुठे, हा त्याचा प्रश्न. दरबारने गरिबांना झोपड्यांसाठी मदत दिली, ती म्हणूनच मोलाची. हुकूम इथेही हुकूमच होता, पण त्याच्या पाठोपाठ छप्पर येत होतं. पुण्यात आणि कोल्हापुरात फरक पडला तो इथे.

गंमत म्हणजे हा उपाय का लागू पडतो, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मेलेल्या उंदरावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग होतो, हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवलं १८९८ मध्ये. तोवर माळावर गेलेली माणसं नकळत त्या पिसवांपासूनच लांब गेली होती. तरी प्लेग हटला नाही. पुढची कैक वर्षं तो फिरून फिरून येत राहिला.

सव्वाशे वर्षांनी, १४ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्राने कोविडची नियमावली काढली ती १८९७ च्या त्याच साथरोग कायद्याच्या आधाराने. कोल्हापूर जिल्ह्यात मुंबई-पुण्याहून परतलेले चाकरमानी गावच्या शाळांत चौदा-चौदा दिवस राहिले. शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहांत कोविड केंद्र झालं. शाळेत डांबलेल्याच्या घरची चूल कशी पेटायची, यावर कायदा पूर्वीइतकाच गप्प. २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले खरे. पण कोविड नसलेल्या रुग्णांच्या दरांना हात घालण्याचा अधिकार सरकारला नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी ठरवलं. २०२० च्याच एप्रिलात केंद्राने वटहुकूम काढून डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली. ती हवीच होती. रुग्णाच्या हक्काचं कलम मात्र तेव्हाही आलं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचं सांगितलं.